जंगलाचा जमाखर्च मांडा, मग मत द्या

गोवा विधानसभेच्या सर्व 40 सदस्यांस खुले पत्र

सन्माननीय आमदार महोदय आणि महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी सत्तरी तालुक्यातला बागायतदार. नोकरीची सगळी वर्षे वाळपई भागातल्या एका सहकारी पतसंस्थेत जमाखर्च लिहिण्यात गेली. आता वडिलोपार्जित कुळागर, म्हणजे पाटाच्या पाण्यावरची पोफळी-माडांची बाग, सांभाळतो. कुळागराच्या वरच्या अंगाला जो डोंगर चढतो तो म्हादई अभयारण्याचा. म्हणून पर्वरीला विधानसभेत तुम्ही जंगल, वाघ आणि विकास यांवर बोलता तेव्हा मी प्रत्येक शब्द कान देऊन ऐकतो.

व्याघ्र प्रकल्प, पश्चिम घाटातले संवेदनशील क्षेत्र, मोलेच्या रानातून जाणारे रेल्वे, महामार्ग आणि वीजवाहिनीचे तीन प्रकल्प, खाणी. या चारही विषयांवर सभागृहात आणि सभागृहाबाहेर भरपूर बोलून झाले. एका बाजूने रोजगार आणि महसूल, दुसऱ्या बाजूने वाघ आणि पाणी. मी जेवढे ऐकले, वाचले, त्यात कोणत्या गावच्या कोणत्या डोंगराचा फायदा किती, तो कोणाला, आणि त्याचा भार कोणाच्या डोक्यावर, हे कोणीच मांडले नाही. पतसंस्थेत अशा पद्धतीने 50 हजारांचे कर्जसुद्धा आम्ही मंजूर केले नसते. तुम्ही राज्याच्या पाचव्या हिश्श्याबद्दल निर्णय घेता आहात: म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला आणि चोडणचे पक्षी अभयारण्य मिळून सुमारे 755 चौरस किलोमीटर होतात आणि गोवा आहे 3,702 चौरस किलोमीटरचा.

माझे म्हणणे एकच आहे. जंगल राखण्याचा खर्च आणि जंगलाचा फायदा, दोन्ही जागेनिशी आणि माणसांनिशी कागदावर आणा. आज दोन्ही रकाने कोरे आहेत, आणि ज्याला जे सोयीचे तो ते भरतो.

खर्चाच्या रकान्यापासून सुरुवात करतो, कारण शहरातले निसर्गप्रेमी नेमका तोच वगळतात. पावसाळा संपत आला की गवे रात्रीचे खाली उतरतात. चार-पाच जणांचा कळप एका रात्रीत केळीची नवी लागवड आडवी करतो. खातात त्याहून जास्त पायाखाली जाते. दोन वर्षांची पोफळ मोडली तर त्या जागी नवे रोप लावून सुपारी हाती यायला पुन्हा पाच-सहा वर्षे. केलडी, म्हणजे माकडे, कोवळे आडसर पाडतात, शेकरू नारळाला वरच भोक पाडून आतले खोबरे खातो, रानडुक्कर कंदांची जमीन नांगरल्यासारखी उकरून ठेवतो. काजूच्या हंगामात माणसे दिवसभर बोंडे गोळा करतात आणि रात्री बागेतल्या मांगरात, म्हणजे खोपीत, जाग्रण करतात. या जाग्रणाची मजुरी कुठल्याही सरकारी कागदावर नसते.

गवा हा आपला राज्यप्राणी आहे आणि त्याचा मला राग नाही. पण त्याला पोसण्याचा खर्च माझ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी उचलायचा आणि अभिमान सगळ्या गोव्याने मिरवायचा, हा हिशेब बरोबर नाही.

नुकसानभरपाई असते, हे मान्य. आता ती कशी मिळते ते पाहा. पंचनामा हवा, फोटो हवेत, पासबुक हवे आणि जमीन कोणाच्या नावे आहे ते दाखवणारा एक-चौदाचा उतारा हवा. सत्तरीत मोकासो आणि आल्वारा या जुन्या राजवटींनी दिलेल्या जमिनींचा गुंता पिढ्यान् पिढ्या सुटलेला नाही. जो माणूस आजोबांपासून जमीन कसतो, त्याचेच नाव उताऱ्यावर नसते. आमच्या वाड्याजवळच्या एका धनगर कुटुंबाची दुभती म्हैस बिबट्याने मारली. त्यांना कार्यालयात खेपा माराव्या लागल्या त्या ‘जनावर तुमचेच कशावरून’ या प्रश्नासाठी. म्हशीची किंमत म्हणजे तरी काय? तिचे रोजचे दूध, पुढची वेते, शेण, आणि दूध घालून फेडायचा कर्जाचा हप्ता. भरपाई मिळालीच तर ती मेलेल्या जनावराची मिळते, बुडालेल्या हप्त्याची मिळत नाही.

जानेवारी 2020 मध्ये म्हादई अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे 3 बछडे विषाने मेले. त्या कृत्याचे समर्थन मी कधीही करणार नाही. ती बातमी आली त्या दिवशी आमच्या घरात कोणाला जेवण गेले नाही. तरीही हिशेब लिहिणारा माणूस म्हणून मला त्यात न भरलेला खर्च दिसतो. वाघाने मारलेल्या गुरांचा भार राज्याने वेळेवर उचलला असता तर ते विष कोणाच्या हातात आले असते का, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारायला हवा. वाघ राखण्याचा खर्च राज्यातल्या सगळ्यात गरीब गोठ्यावर टाकला, आणि मग राज्याला 4 वाघांची किंमत मोजावी लागली.

आणखी एक खर्च आहे, तो डोळ्यांना दिसत नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात त्याला संधी खर्च म्हणतात: जमीन राखली म्हणून तिच्यावर जे करता आले नाही त्याचे मोल. म्हादई आणि नेत्रावळी ही दोन्ही अभयारण्ये 1999 साली, राष्ट्रपती राजवटीत, राज्यपाल जेकब यांच्या काळात जाहीर झाली. ती झाली नसती तर आज त्या डोंगरांचे काय झाले असते हे पिसुर्ले आणि सोनशी ही खाणींची गावे पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. म्हणून तो निर्णय मी योग्यच मानतो. पण त्यानंतर आतल्या गावांच्या हक्कांचा निवाडा संपवायचा होता, तो रखडला. निवाडा होत नाही तोवर माणूस घराची भिंत पक्की करायलाही घाबरतो, बँक कर्ज देत नाही, मुलगा म्हापशाला किंवा वेर्णाला नोकरी शोधतो. हक्क लोंबकळत ठेवणे ही सर्वांत महाग गोष्ट आहे. त्यातून जंगलाला काही मिळत नाही, माणसाचे मात्र सगळे जाते.

आता दुसरा रकाना.

आमच्या कुळागराला पाट येतो तो वरच्या झरीचा. पाटाच्या पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या आहेत. पाऊस संपला की सगळे मिळून गाळ काढतात, बांध घालतात आणि मग आपापल्या पाळीला पाणी पोफळीकडे वळवतात. माझ्या पाहण्यात, ज्या डोंगराच्या माथ्यावर दाट रान शिल्लक आहे तिथली झर मे अखेरपर्यंत बारीक का होईना वाहते. पलीकडच्या डोंगरावर रान काढून उतार उघडा झाला, तिथले पाट शिमगा होतो न होतो तोच आटतात, आणि मग पंप, बोअरवेल, विजेचे बिल सुरू होते. दोन शेजारच्या डोंगरांमधला हा फरक पैशात मोजता येतो: किती महिने पंप लावावा लागला, किती पोफळी वाळल्या, सुपारीचे वजन किती घटले. कृषी खात्याचा एखादा तरुण अधिकारी दोन उन्हाळ्यांत हे मोजू शकेल. कोणी सांगितलेले नाही म्हणून त्याने मोजलेले नाही.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर पाहा. मोलेच्या रानातून उतरणारे दूधसागरचे पाणी खांडेपार नदीत येते आणि ओपा इथल्या जलशुद्धीकरण केंद्रातून ते फोंड्याला आणि तिसवाडीला, म्हणजे पणजीच्या नळाला जाते. साळावलीचे धरण सांगे तालुक्यात नेत्रावळीच्या रानाजवळ आहे आणि सासष्टी, मुरगाव त्यावर जगतात. पाण्याच्या हिशेबात पंपाची वीज येते, शुद्धीकरणाची रसायने येतात, नळ येतात, पगार येतात. ज्या डोंगराने ते पाणी धरून ठेवले त्याच्या नावे शून्य. आणि शून्य लिहिले की पुढचा प्रत्येक प्रकल्प फायद्याचाच दिसतो, कारण गमावण्यासारखे काही नव्हतेच!

म्हादई नदीच्या पाण्यासाठी आपण कर्नाटकाशी लवादात वर्षानुवर्षे लढलो. 14 ऑगस्ट 2018 च्या निवाड्यात कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मिळाले तेव्हा अख्ख्या गोव्यात संताप उसळला. योग्यच होता. पण ज्या पाण्याचा थेंबन् थेंब आपण दिल्लीत मोजतो, ते पाणी देणाऱ्या रानाचे मोल आपण घरी मोजत नाही. लवादापुढे रानाचे महत्त्व सांगायचे आणि पर्वरीला तेच रान अडचण म्हणून मांडायचे, हे एकाच राज्याने करू नये.

मोजणी अशक्य आहे असे कोणी सांगितले तर ऐकू नका. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेने 2015 साली राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणासाठी देशातल्या 6 व्याघ्र प्रकल्पांचे आर्थिक मूल्यमापन केले: कॉर्बेट, कान्हा, काझीरंगा, पेरियार, रणथंबोर आणि सुंदरबन. एकेका प्रकल्पातून वर्षाला मिळणारे फायदे 830 कोटी ते 1,760 कोटी रुपयांच्या दरम्यान निघाले. हेक्टरी हिशेब केला तर 50 हजार ते 1 लाख 90 हजार रुपये. पेरियारच्या रानातून तमिळनाडूच्या जिल्ह्यांना जाणाऱ्या पाण्याचे मोलच वर्षाला सुमारे 405 कोटी धरले गेले.

इथे जंगलाच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्या मित्रांनाही सांगतो: हे आकडे उचलून म्हादईला चिकटवू नका. म्हादई अभयारण्य 20,848 हेक्टरचे. गुणाकार केला तर 104 कोटी ते 396 कोटी असे उत्तर येते. खालच्या आणि वरच्या आकड्यात जवळजवळ चौपट फरक, आणि यातला एकही आकडा आपल्या डोंगरावर मोजलेला नाही. असा आकडा भाषणात टाळ्या मिळवतो आणि न्यायालयात पहिल्या उलटतपासणीत पडतो. मोलाचे आकडे जागेचे असतात. पेरियारच्या खाली कोरडे जिल्हे आहेत म्हणून तिथल्या पाण्याला ते मोल आले. आपल्या एखाद्या डोंगराखाली ओपा असेल, दुसऱ्याखाली फक्त एक ओहोळ आणि तीन कुळागरे असतील.

जागेचा हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून एक दूरचे उदाहरण देतो. दक्षिण अमेरिकेतल्या पेराग्वे देशात म्बाराकायू नावाचा जंगलपट्टा आहे. 2006 साली दोन अभ्यासकांनी तिथल्या सुमारे 3,000 चौरस किलोमीटर भूभागाचा नकाशा केला. आकार पाहा, जवळपास आपल्या गोव्याएवढाच. प्रत्येक तुकड्यावर त्यांनी एका बाजूला शेती-गुरचराई न केल्याने बुडणारे उत्पन्न लिहिले आणि दुसऱ्या बाजूला पाच फायदे: शिकार आणि लाकूड (झेपेल इतकेच), औषधी वनस्पतींच्या शोधाची शक्यता, जंगल असण्याचेच मोल, आणि झाडांत साठलेला कार्बन. एवढ्याशा प्रदेशात खर्च आणि फायदा दोन्ही जागोजागी कमालीचे बदलत होते. मग त्यांनी दोन मोठ्या जंगलांना जोडू शकणाऱ्या तीन पट्ट्यांची तुलना केली. वरवर तिन्ही सारखे. हिशेबात एका पट्ट्याचा निव्वळ फायदा इतर दोघांच्या तिप्पट निघाला. नकाशा केला नसता तर चिठ्ठी टाकून निवड झाली असती, किंवा ज्याचा आमदार जोरात बोलतो त्याच्या मर्जीने झाली असती.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट लपवत नाही. फायद्याचे पारडे मुख्यतः कार्बनमुळे जड झाले. बाकीचे फायदे बेताचे होते आणि राखीव जंगले आणि आदिवासींची राखीव क्षेत्रे सोडली तर ते खर्चाला पुरे पडले नाहीत. हिशेब मांडला की असे न आवडणारे उत्तरही येते. ते यायलाच हवे, नाहीतर हिशेब कशाला?

गोव्याचा असा नकाशा आजही होऊ शकतो. म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव हा दक्षिणोत्तर पट्टा पलीकडच्या, कर्नाटकातल्या भीमगडला आणि काळी व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. वाघाला राज्याची हद्द कळत नाही. त्या पट्ट्यात माथ्यावरची, वस्ती नसलेली, नद्यांच्या उगमाची जमीन वेगळी काढा. तिथे संधी खर्च जवळजवळ नाही आणि फायदा सर्वाधिक आहे. ती आधी, आणि कडक, राखा. वाड्यांच्या भोवतालची जमीन वेगळी काढा. तिथे फायदाही आहे आणि माणसांचा खर्चही मोठा आहे. तिथे आधी पैसे आणि हक्क पोचले पाहिजेत, मग अधिसूचना. सगळी अभयारण्ये एकाच नियमाखाली आणायची किंवा एकही इंच आणायचा नाही, या दोन टोकांच्या मध्ये कोणी का उभे राहत नाही?

अभयारण्याबाहेरच्या दोन जागा या नकाशात यायला हव्यात, ज्यांच्याकडे कोणाचे लक्ष नाही. एक आपले सडे. महसूल खात्याच्या नजरेला सडा म्हणजे ओसाड कातळ, म्हणून कारखाना असो की वसाहत, पहिले बोट सड्याकडे जाते. श्रावणात एकदा गुडघे टेकून सडा पाहा. बोटभर पाण्यात निळ्या-जांभळ्या रंगाची सीतेची आसवे पसरलेली असतात, त्यांच्या मुळांसारख्या तंतूंवर सूक्ष्म कीटक पकडणाऱ्या पिशव्या असतात. शेजारी लाल केसांची दवबिंदू नावाची कीटकभक्षी वनस्पती चिकट पाने उघडून बसलेली असते. आणि त्याच जांभ्या दगडातून मुरलेले पाणी खालच्या गावाच्या विहिरीत उतरते. सडा राखायला खर्च फारच थोडा लागतो. दुसरी जागा म्हणजे खाजने, खाडीकाठी बांध घालून राखलेली शेते, सुमारे 18,000 हेक्टर. बांध आणि मानस, म्हणजे पाण्याची दारे, यांची डागडुजी करायला जो पैसा लागतो तो पुराच्या पाण्याने बुडालेल्या घरांच्या तुलनेत किरकोळ आहे, आणि वर कोरगुट भात आणि मासळी मिळते. वाघ नाही म्हणून ही यादी मागे पडते. रुपयामागे किती निसर्ग वाचतो हे पाहिले तर ती पुढे येईल.

सरकार हिशेब करतच नाही असे मात्र नाही. वनजमीन वळवताना एनपीव्ही, म्हणजे निव्वळ वर्तमान मूल्य, भरून घेतले जाते. सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली त्याचे दर हेक्टरी 4.38 लाख ते 10.43 लाख ठरवले. 2022 साली ते वाढवले गेले. अभयारण्यातल्या जमिनीला त्या दराच्या 5 पट, राष्ट्रीय उद्यानातल्या जमिनीला 10 पट. केंद्राने 2017 साली नफा-तोट्याच्या मांडणीची मार्गदर्शक तत्त्वेही काढली. ती मी हिशेबनिसाच्या डोळ्यांनी वाचली. जंगलाचे तुकडे पडल्याने होणारे नुकसान किती धरायचे? एनपीव्हीच्या 50 टक्के, ढोबळ नियम म्हणून. सोयीसाठी. म्हणजे मोलेच्या मधोमध चर पडला काय किंवा कुठल्याशा टोकाचा कोपरा गेला काय, टक्केवारी तीच. पेराग्वेच्या नकाशाने जे शिकवले त्याच्या नेमके उलट.

दुसरी खोच व्याजदरात असते. पुढे मिळणाऱ्या फायद्याचे आजचे मोल काढताना जो दर लावतात तो बदलला की निर्णय बदलतो. 50 वर्षांनी मिळणारे 100 रुपये 10 टक्के दराने आज 85 पैशांचे ठरतात. 4 टक्के दराने 14 रुपयांचे. रान 50 वर्षांनीही पाणी देणार असते, खाण तोवर संपलेली असते. दर चढा लावला की नातवंडांचे पाणी आपोआप रद्दीच्या भावाने जाते, आणि हे कोणी ठरवले हे अहवालाच्या परिशिष्टात कुठेतरी बारीक अक्षरात असते. तुमच्यासमोर पुढचा प्रकल्प-अहवाल येईल तेव्हा एवढे एकच विचारा: दर कोणता धरला आणि का? उत्तर देताना सल्लागार चाचपडला तर अहवाल परत पाठवा.

असे प्रश्न विचारले की काय होते हे मोलेच्या रेल्वे दुपदरीकरणात दिसले. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय उच्चाधिकार समितीने 2021 मध्ये तपासून सांगितले की 37 ला 1 अशा चढाचा हा घाट रेल्वेच्या सर्वांत अकार्यक्षम टप्प्यांपैकी आहे, तिथे क्षमता जेमतेम वाढणार आणि त्यासाठी नाजूक परिसर उद्ध्वस्त होणार, याचे समर्थन होत नाही. 9 मे 2022 रोजी न्यायालयाने त्या प्रकल्पाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. नफा-तोट्याचा साधा प्रश्न होता. तो विचारायला दिल्लीची समिती लागली, आपले सभागृह पुरले नाही, याचे मला खरेच वाईट वाटते.

खाणींबद्दल फार लिहीत नाही. तुम्हाला सगळे ठाऊक आहे. 2012 साली शहा आयोगाने बेकायदा खाणकामाचे नुकसान सुमारे 35,000 कोटी सांगितले, खाणी थांबल्या, 2018 साली 88 लीज रद्द झाल्या आणि प्रत्येक वेळी ट्रकवाल्यांचे हप्ते थकले. माझ्या टेबलावर ते हप्ते थकलेले मी पाहिले आहेत. खनिज विकून आलेला पैसा उत्पन्न म्हणून खर्चात घातला, ती खरे तर मुद्दल होती. एप्रिल 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रीच्या 10 टक्के रक्कम कायम निधीत टाकायला लावली तेव्हा कुठे पहिल्यांदा मुद्दल आणि व्याज वेगळे झाले. जंगलाबाबत तोच भेद कोणीतरी सक्तीने करायला लावेपर्यंत थांबणार आहात का?

एका ठिकाणी मात्र वही मिटावी लागते. बांबर इथल्या निरंकाराच्या राईत जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल आहे. चिखलातून गुडघ्यासारखी वाकलेली मुळे श्वास घ्यायला वर येतात, पाणी बारमाही, आणि त्या राईत कोयता चालवायचा नाही हे गाव पाळत आले. नेत्रावळीच्या रानातून 2015 साली बेडकाची एक नवी जात जगापुढे आली, इंदिराना सलेलकरी. अशा गोष्टींना पर्याय जागा नाही आणि भरपाईचे रोप नाही. त्यांच्या नावापुढे रुपये लिहायला बसलो तर जो जास्त रुपये आणेल त्याला त्या विकाव्या लागतील. म्हणून नकाशा करताना आधी अशा जागांभोवती रेघ मारा आणि त्यांना हिशेबाबाहेर ठेवा. उरलेल्या जमिनीवर तोलून-मापून बोलू. जंगलाच्या प्रत्येक इंचाला अमूल्य म्हणणारे आणि प्रत्येक इंचाला दर लावणारे, दोघेही ही रेघ पुसतात.

शेवटी पैसा कुठून आणायचा? थोडा तरी आधीच येतो आहे. केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा ठरवताना 14 व्या वित्त आयोगाने वनक्षेत्राला 7.5 टक्के वजन दिले, 15 व्या आयोगाने ते 10 टक्के केले. त्या आयोगाने गोव्याला राज्यांच्या वाट्यातले 0.386 टक्के दिले आणि त्यातला काही भाग निव्वळ आपल्या रानामुळे आला. तो पणजीच्या तिजोरीत येऊन मिसळतो. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण इथल्या ज्या पंचायतींच्या हद्दीत ते रान उभे आहे त्यांना त्यातला एक रुपयाही ‘रानाचा वाटा’ म्हणून वेगळा काढलेला मी पाहिला नाही. अर्थ खात्याला ही रक्कम काढायला एक दुपार पुरेल. ती वनक्षेत्राच्या प्रमाणात पंचायतींना द्या. तीतून पीक आणि गुरांच्या नुकसानीची भरपाई ठरलेल्या दिवसांत, उताऱ्यावर अडून न बसता, पंच आणि शेजाऱ्यांच्या साक्षीवर मिळू द्या. पणजी-मडगावच्या मोठ्या वापरकर्त्यांच्या आणि हॉटेलांच्या पाणीबिलावर किरकोळ अधिभार लावून तोही याच खात्यात घाला. जंगलाचे पाणी पिणाऱ्याने जंगलाशेजारी राहणाऱ्याला थोडे द्यावे, यात कोणाला उपकार वाटण्याचे कारण नाही.

व्याघ्र प्रकल्पाबद्दल मला विचाराल तर मी बाजूने आहे. 24 जुलै 2023 रोजी उच्च न्यायालयाने 3 महिन्यांत अधिसूचना काढायला सांगितले, त्याच निकालात वनहक्कांचे दावे 12 महिन्यांत निकाली काढायलाही सांगितले होते. पहिल्या वाक्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. दुसरे वाक्य पाळायला कोणी आडकाठी केली होती? कायद्यानेच ग्रामसभेच्या संमतीशिवाय आणि हक्क मान्य केल्याशिवाय कोणाला हलवता येत नाही. ही गोष्ट वाड्यावाड्यांवर जाऊन सांगायची तुमची जबाबदारी होती. त्याऐवजी ‘घरे जाणार’ ही भीती वाढू दिली गेली. आमच्या भागातली माणसे हिशेब न समजणारी नाहीत. पोफळीच्या बागेत पाण्याची पाळी पिढ्यान् पिढ्या भांडण न करता वाटणारी ही माणसे आहेत.

येत्या अधिवेशनात मला भाषण नको. पुढील गोष्टी पटलावर ठेवायचा ठराव हवा: अभयारण्यांचा आणि त्याबाहेरच्या सड्यांचा, खाजनांचा गावनिहाय नकाशा, त्यावर खर्च आणि फायदा, खर्च कोण भरतो आणि फायदा कोण घेतो; हिशेबाबाहेर ठेवायच्या जागांची यादी, जी जैवविविधता समित्यांच्या लोकनोंदवह्यांवरून बनेल; वनहक्क दाव्यांची तालुकावार प्रलंबित संख्या आणि प्रत्येकाची तारीख; आणि वित्त आयोगाच्या पैशातला रानाचा वाटा. मसुदा मराठीत आणि कोकणीत आधी ग्रामसभांपुढे ठेवा, कारण गव्याची वाट कोणत्या बागेतून जाते आणि कुठली झर मे महिन्यात आटते हे उपग्रहाच्या चित्रावरून कळत नाही, ते गावाला ठाऊक असते. आमच्या पंचायतीची माहिती गोळा करायला आम्ही काही बागायतदार आजच बसायला तयार आहोत. तक्त्याचा नमुना तेवढा कोणीतरी पाठवा.

आपला,
सत्तरीतील एक बागायतदार